रेडिएटरच्या तोंडावरची हळद

चिखलीच्या एका वकिलानं मला जुनी मोटार विकताना फसवलं. बाजारात माणूस फसतो, फसवतोही. मी स्वतः ओल्या मिरचीची पोती सुक्या भावानं खपवली आहेत, ते नाकारत नाही. पण माझ्या मिरचीपायी कुणाच्या घरातलं माणूस मरायला टेकलं नाही. वकिलाच्या मोटारीपायी माझी बहीण टेकली.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. आई-बाप गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बाईचं लग्न झालेलं होतं, पण दोन वर्षांत कपाळ पुसून ती परत आली आणि नांदुऱ्याला मिरचीच्या खळ्यावर देठं खुडायला जाऊ लागली. तिच्या बोटांची कायम आग होत असे, म्हणून ती मला कालथ्यानं वाढायची. हातानं वाढलं तर माझे ओठ झोंबायचे. पंधराव्या वर्षी मी सरकीच्या ट्रकवर क्लीनर झालो. तिथून डोक्यावरचं टोपलं, मग सायकल, मग बैलगाडी आणि शेवटी स्वतःचं मिरचीचं गोदाम. भाव करायला बसलो की समोरचा थकायचा, मी थकायचो नाही. इतकी वर्षं मिरचीत घालवल्यानं एक झालं, नाक मेलं. आजही मला अत्तर आणि रॉकेल यांतला फरक सांगता यायचा नाही.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवी मोटार पाहिजे तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहा. तेवढा दम माझ्यात नव्हता. चिखलीला एका वकिलाची काळी मोटार विकायची आहे असं कळलं आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी एसटीनं तिथं गेलो.

जाताना ठरवून गेलो होतो की बॉनेटखालचा खिळान्‌खिळा पाहायचा. पोचल्याबरोबर बॉनेटवर पालथा हात ठेवला, कारण गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर विकणारा आधीच इंजिन तापवून ठेवतो. बॉनेट गार होतं. चाकं पाहिली, खाली पालथा पडून तेल गळतंय का पाहिलं. आत पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा मेलेला होता. वकील म्हणाला, तो पहिल्यापासून तसाच आहे. त्या काट्यावर मी शंभर रुपये तोडले आणि अजून तोडणार होतो. तेवढ्यात मी बॉनेटला हात घातला, तर वकिलानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"शेठ, सगळं तपासा. पण आधी घरच्यांना पूजा करू द्या. मोटार दहा वर्षं घरात होती, अशीच कशी लावून देऊ?"

आतून त्याची बायको ताट घेऊन आली. नऊवारीतली, शांत चेहऱ्याची बाई. वकिलानं स्वतः बॉनेट उचलून धरलं. लोक मोटारीला बाहेरून हळदकुंकू लावतात, काचेखाली, चाकाला. या बाईंनी बोटं भरून हळद रेडिएटरच्या तोंडाला लावली, झाकणाभोवती गोल, दाट. वर कुंकू. मग पुढच्या सीटवर तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि खण ठेवून मोटारीची ओटी भरली, आणि पदर डोळ्याला लावला. मला म्हणाल्या, "भाऊ, हिला जपा. घाटात फार ताणू नका."

माझं मन हललं. लेक सासरी पाठवावी तसं चाललं होतं. माझ्या बहिणीची ओटी कुणी भरत नाही, आणि इथं लोखंडाची भरली जाते, असंही मनात आलं. पण ते रागानं नाही आलं, हे विशेष. मग मी रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. तोंडाच्या आतल्या कडेला बोट फिरवलं तर बोट पिवळं झालं. ते बोट मी माझ्या कपाळाला लावलं आणि हात जोडले.

ज्या माणसानं दोन वर्षं ट्रकवर क्लीनरकी केली, त्यानं हे केलं. गळक्या रेडिएटरमध्ये मी स्वतः हळद टाकलेली आहे. रस्त्यात नळी पाझरू लागली की ड्रायव्हर चिमूटभर हळद टाकायला सांगायचा. ती भिजून फुगते, भोक बुजतं, पुढच्या गावापर्यंत भागतं. तिथं पोचलं की सगळं धुऊन काढायचं आणि भोकाला कथलाचा डाग मारून घ्यायचा. हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. तरी आतली हळद बाहेरच्या हळदीत मिसळून गेली आणि मी ती प्रसाद म्हणून कपाळाला लावली. त्यानंतर भाव करायला तोंडच उघडेना. ओटी भरून झाल्यावर घासाघीस कोण करतो?

घरी येताना रस्ता उताराचा. चिखलीहून बुलढाणा, तिथून राजूरचा घाट खाली मोताळ्याला. उतारावर इंजिनाला काम नसतं. मोटार पाण्यासारखी उतरली. पुढं हिवाळा होता, मी मोताळा-नांदुरा-मलकापूर एवढ्याच सपाटीवर फिरत होतो. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी लागायचं. जुनी आहे, पिते, आणि पिवळं दिसतं ते पूजेचं, असं म्हणून मी ओतायचो. घाट चढायचं कामच पडलं नाही.

एप्रिलमध्ये पडलं.

बाईचं पोट दोन दिवस दुखत होतं. ओवा, हिंग, शेक सगळं झालं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि उलटीला शेणासारखा रंग आला. नांदुऱ्याच्या डॉक्टरनं बोटं टेकवली आणि मला बाहेर बोलावलं. आतड्याला पीळ बसला आहे, बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात आजच्या आज पोट उघडावं लागेल, जितका उशीर तितकं आतडं काळं पडत जाणार. पाण्याचा थेंब द्यायचा नाही. हे तो अगदी हळू आवाजात बोलला, त्यानं मला जास्त भीती वाटली.

दहाच्या सुमाराला निघालो. मागच्या सीटवर बायको बसली, तिच्या मांडीवर बाईचं डोकं. पायाशी सुरई, ओल्या फडक्यानं ओठ पुसण्यापुरती. मोताळ्यापर्यंत मोटार चांगली पळाली. मनातल्या मनात मी मोटारीला शाबासकी दिली, आपण घेतली म्हणून आज बाई वाचणार असंही म्हणालो.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज बदलला. आधी जड झाला, मग आत कुणी खिळे हलवल्यासारखी टकटक सुरू झाली. बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि काच पांढरी झाली. हँडब्रेक ओढला तरी मोटार मागं सरकत होती. एका बाजूला दरी. मी पाय ब्रेकवरून काढू शकत नव्हतो आणि धोंडा लावायला दुसरं कुणी नव्हतं. बायकोनं बाईचं डोकं सीटवर टेकवलं, पळत उतरली आणि दोन्ही मागच्या चाकांना धोंडे लावले. ते लागेपर्यंत मी ब्रेक तळाशी दाबून धरला.

झाकण गार होऊ द्यायचं असतं. मला धीर धरवला नाही. गमचा गुंडाळून फिरवलं आणि उकळतं पाणी कोपरापर्यंत आलं. कातडी सुटली. आधी वाटलं पंख्याचा पट्टा तुटला. तो शाबूत होता. तेलाची काडी काढून पाहिली, तेल पुरेसं. मग वाटलं आत भेग गेली. तसं असेल तर संपलंच.

मागून बाईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"हयद जयून राह्यली काय रे?"

घाटात हळद कुठून जळणार, म्हणून मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या नाकाला वाफेशिवाय काही लागत नव्हतं. तेवढ्यात खालून एसटी वर आली. मोटार पाहून ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि कंडक्टर दारातून वाकला. आत पाहिलं त्यानं, बाईकडे.

"भाऊ, बाईले इकडं द्या. मागचा बाक खाली करून देतो."

"माही मोटार हाय," मी म्हणालो. "दहा मिनिटांत गार होते. बाकावर आदळत नेऊ काय तिले?"

"मोटार तुमची हाय, खरं हाय. पन ती उभी हाय अन् आमची चालून राह्यली." बसमधले दोघेतिघे हसले.

ते हसले नसते तर कदाचित मी बाईला बसमध्ये दिलं असतं. मी त्याला जा म्हणालो, आणि ज्या शब्दांत म्हणालो ते इथं लिहीत नाही. कंडक्टरनं घंटी वाजवली. बस वळणाआड गेली तेव्हा बायको माझ्याकडे पाहत होती.

तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर लोखंड तडकतं. म्हणून थांबावं लागतं. मी घड्याळ बघत वीस मिनिटं उभा राहिलो. बाई मधूनमधून कण्हत होती आणि पाणी मागत होती. "एक घोट दे ना बापा. एकच." बायको फडकं ओलं करून ओठांना लावायची, बाई ते फडकं चोखायची. मग मी दार उघडून सुरई उचलली. बाईच्या डोळ्यांसमोर उचलली. तिला वाटलं तिच्यासाठी. मी ती इंजिनापाशी नेली.

दोन तांबे गेले. तिसरा तोंडातून तसाच बाहेर आला. एवढी वाफ होऊन गेली आणि दोन तांब्यांत पोट भरलं, हे खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही, भरलं म्हणून बरंच वाटलं. धोंडे काढले, चढलो. दोन वळणं गेली असतील. पुन्हा टकटक, पुन्हा वाफ. बायको पुन्हा उतरली, पुन्हा धोंडे.

आता दुपार चढली होती. घाटात पानं गळालेली झाडं, सावली म्हणून नाही. बाईचे ओठ निळसर दिसत होते. कण्हणं थांबलं होतं, आणि मला कण्हण्यापेक्षा त्याची जास्त धास्ती वाटली. मग ती बोलली.

"कोनाच्या घरी हयद लागून राह्यली? मांडव दिसत नाई तो?"

बायकोनं तोंडाला पदर लावला. "अहो, चाळवल्या हो या. लग्नाचं बरळून राह्यल्या."

आमच्याकडे सगळे मानतात की माणूस जायच्या आधी त्याला हळदीचे, मांडवाचे वास येतात, गेलेली माणसं बोलवायला येतात. मी बाईच्या तोंडाशी वाकलो आणि ओरडलो. ज्या बाईनं मला वाढवलं तिच्यावर ओरडलो. "काय हयद हयद लावलं? गप पड ना. इथं कोनाचं लगन नाई."

तिनं डोळे उघडले. ते चाळवलेल्या माणसाचे नव्हते. खळ्यावर मी खोटं बोललो की ती असंच पाहायची.

"ओरडू नको बे," ती म्हणाली. "मले समजते मी कुठं हाओ. तुह्या इंजनातून येऊन राह्यला वास. कच्च्या हयदीचा. तुले नाक नाई, मले हाय."

मी बॉनेटकडे गेलो. झाकण काढून नाक जवळ नेलं. काही नाही. मग बोट घातलं, तोंडाच्या आतल्या कडेवरून खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. जीभ माझी शाबूत आहे. कडू, तुरट, मातकट. हळद. बोटाला पिवळा चिखल लागला होता, खिरीसारखा घट्ट. वाकून रेडिएटरची वरची नळी धरली, हात भाजला. खालची नळी धरली. ती कोमट होती, नुसती कोमट. म्हणजे पाणी वरून खाली उतरतच नव्हतं. आतल्या सगळ्या बारीक नळ्या बुजल्या होत्या. पट्टा ठीक, तेल ठीक, इंजिन ठीक. एका बाजूला पाणी उकळत होतं आणि दुसऱ्या बाजूला पोचत नव्हतं. मी थांबलो काय, ओतलं काय, ही मोटार घाट चढणारच नव्हती. दहा मिनिटांत नाही आणि दहा तासांतही नाही.

मला त्या वेळी वकील आठवला नाही. मला माझं पिवळं बोट आठवलं, कपाळाला लावलेलं. आणि खालच्या वळणावरून पाठवून दिलेली बस.

त्यानंतर मी फक्त रस्त्याकडे बघत होतो. आवाज आला की वाटायचं बस. बैलगाडी निघायची, किंवा खाली उतरणारा ट्रक. मी एका ट्रकला आडवा झालो. त्यानं वळवायला जागा नाही म्हणून हात हलवला, आणि खरंच जागा नव्हती. दर थोड्या वेळानं मी बाईच्या नाकाशी हात धरायचो. माझ्या भाजलेल्या हाताला तिचा श्वास लागायचा नाही म्हणून मग डावा धरायचो. बायको एकदाच बोलली, "त्या बसमदी बसवलं असतं तर," आणि पुढचं गिळलं. पहिली बस गेल्यापासून दुसरी येईपर्यंत पावणेदोन तास गेले. हे मी घड्याळात पाहिलेलं आहे, अंदाजानं सांगत नाही.

दुसऱ्या बसवाल्यांनी काही न विचारता बाक मोकळा केला. मोटार मी दारं उघडी टाकून तिथंच सोडली.

दवाखान्यात लगेच घेतलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, हात धुतलेले, बाह्या वर केलेल्या. हातभर आतडं काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. मी विचारलं, दोन तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, हे सांगता येत नाही, कदाचित नुसता पीळ सोडवून भागलं असतं. कदाचित. हा शब्द मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतो आहे.

मोटार ट्रकला बांधून बुलढाण्याच्या एका मिस्त्रीकडे आणली. त्यानं रेडिएटर उतरवून खालून तार घातली. तार आत जाईना. मग त्यानं तळाचं पत्र्याचं झाकण डाग सोडवून उघडलं आणि मला बोलावलं. नळ्यांची तोंडं पिवळ्या लगद्यानं गच्च भरलेली, खालचे थर जुने, तपकिरी, दगडासारखे, वरचे ताजे.

"एकदा टाकलेली नाई ही," मिस्त्री म्हणाला. "गळली की टाक, गळली की टाक. दोन-तीन वर्षं चाललं असंल. एवढ्या हयदीत माह्या पोरीचं लगन झालं असतं."

तो एक पिवळा खडा मी कागदात बांधला आणि चिखलीला गेलो. वकील ओट्यावर बसले होते. मी खडा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला, पुरावा पाहावा तसा, आणि बाजूला सरकवला.

"शेठ, इथून नेताना बंद पडली का?"

"उतार होता."

"सहा महिने चालवलीत. त्यात तुम्ही काय टाकलंत, मला काय ठाऊक? आणि हळद म्हणाल तर आमच्या घरच्यांनी तुमच्यादेखत लावली. तुम्ही हात जोडलेत. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते."

मी काय बोललो ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. दाराच्या आत वकिलीणबाई उभ्या होत्या, पडद्याला धरून. मी त्यांच्याकडे पाहिलं तशा त्या आत गेल्या.

बाई वाचली. पण भाकरी आणि ठेचा यावर वाढलेली बाई आता पातळ भात आणि ताकावर आहे, आणि गोदामाच्या पायरीवर बसायचं तर उशी लागते. ती मला सांगते, जाऊ दे बे, वकिलाच्या लक्षात नसंल. तिनं नाकानं ओळखलं, मी तिच्यावर ओरडलो, आणि तीच मला जाऊ दे म्हणते. घाटात कुठलीही गाडी वाफ सोडताना दिसली की अजून मी खाली उतरून तिचं झाकण उघडायला जातो.

बस मी परत पाठवली. ते माझं आहे. त्याचं उत्तर मी बाईला दिलं आहे, तिच्या खाटेशी बसून, आणि बायकोला तर रोजच द्यावं लागतं. ते मी वकिलांच्या अंगावर ढकलत नाही.

वकिलांना मी आता काही विचारत नाही. ते उत्तर कसं द्यायचं हे शिकलेले आहेत. माझा प्रश्न वकिलीणबाईंना आहे. तुम्ही हळद बाहेर न लावता रेडिएटरच्या तोंडाशीच का लावलीत? तिथं आधीचा पिवळा डाग होता म्हणून, आणि तो झाकायला सांगितलं होतं म्हणून? आणि नसेल, ठाऊक नसेल, रडलात ते खरंच असेल, तर माझ्याशी त्या दिवशी घाटाचं नाव का काढलंत? तुमच्याकडून एवढंच ऐकायचं आहे. दार लावून आत जाऊ नका. बाहेर या आणि सांगा.